दोन पानं एकदम

दि. ४ मार्च, बुधवार

प्रिय टिल्लूस,

अनेक आशीर्वाद. तुझं जाड पाकीट शनिवारी पोचलं. आम्ही दोघं बरी आहोत. जिन्याचा मोडका कठडा अखेर दुरुस्त झाला. तुझं पित्त कसं आहे? उपाशीपोटी चहा ढोसणं सोड, म्हणजे तेही तुला सोडेल.

रीतीचं झालं. आता मनातलं.

एवढ्या मोठ्या प्राध्यापकाला टिल्लू म्हणू नये, असं तुझ्या वहिनीचं म्हणणं. मी म्हटलं, ज्याचं नाक मी माझ्या सदऱ्याच्या बाहीने पुसलं त्याला काय हाक मारायची ते मी ठरवीन. फोनच केला असता. पण फोनवर तू "दादा, मीटिंगमध्ये आहे" म्हणतोस, आणि मला राग आला की शब्द ऐन वेळी दगा देतात. कागदावर त्यांना कान धरून बसवता येतं.

पाकिटात दोन वस्तू निघाल्या. एक, वहिनीच्या फोडांवरच्या तुमच्या नव्या औषधाचा छापील अहवाल. दुसरी, वहिनीला ते औषध आणखी वर्षभर चालू ठेवण्याचा फॉर्म. त्यावर तिची सही आणि घरचा माणूस म्हणून माझी, वीस तारखेच्या आत. वर तुझी चिठ्ठी: "दादा, वहिनीला सहाव्या पानावरचे फोटो दाखव. खूश होईल."

दाखवले. तिच्या पाठीचे दोन फोटो, औषधाआधीचा आणि नंतरचा. नाव नाही, चेहरा नाही, नुसतं "रुग्ण क्रमांक चार". तिने चष्मा पुसला, पान खिडकीपाशी नेलं, लांब धरलं, जवळ धरलं. म्हणाली, "अगं बाई, ही माझी पाठ? जन्मात पहिल्यांदा बघतेय." मग म्हणाली, "तुम्ही तर म्हणायचात, सोललेल्या टोमॅटोसारखी झालीय. इथे नुसती मातकट दिसतेय. काळा-पांढरा फोटो आहे का हो?"

फोटो रंगीत आहे, टिल्लू.

मी म्हटलं, "हो. छपाई स्वस्तातली आहे." आणि मोरीत जाऊन नळ सोडून उभा राहिलो.

मग अकरावं पान वाचलं. "सर्व नऊ रुग्णांच्या दृष्टीची दरमहा तपासणी करण्यात आली. दृष्टीच्या नसेवर कोणताही दुष्परिणाम आढळला नाही." खाली तुझी सही. झोकदार आहे. लहानपणी पाटीवर गिरवायचास तेव्हा असं वळण नव्हतं.

मी काही शिकलेला माणूस नाही, हे तू चार लोकांत हसत हसत सांगतोस. "माझा दादा डिसेक्शन हॉलमध्ये अटेंडंट होता, पण निम्म्या डॉक्टरांना पुरून उरेल." लोक हसतात, मीही हसतो. चौतीस वर्षं मी त्या हॉलमध्ये प्रेतांची टेबलं धुतली, फॉर्मालिनची पिंपं हलवली, आणि पोरं जेवायला गेली की त्यांची पुस्तकं उघडी असायची ती वाचली. आधी चित्रं, मग चित्रांखालची नावं, मग त्या नावांचा अर्थ. डोळ्यामागची नस हाडाच्या चिंचोळ्या बोगद्यातून मेंदूकडे जाते. त्या बोगद्यातून ती ओरखडा न काढता सोडवणं प्राध्यापकांनाही जमायचं नाही. मी दातांच्या डॉक्टरचं टाकून दिलेलं बारीक हत्यार घेऊन हाड कणाकणाने खरवडायचो. दोन डोळे, दोन नसा, दोघी मेंदूखाली एकमेकींना ओलांडतात ती जागा, सगळं एका तुकड्यात बाहेर काढायला मला अकरा दिवस लागले. तुझ्या पहिल्या संशोधनाला तोच नमुना होता. काचेच्या बरणीवर तुझं नाव लागलं. मला त्याचं काही वाटलं नाही, खरंच सांगतो. घरचंच नाव होतं.

सांगायचा मुद्दा एवढाच, की ती नस काय चीज आहे हे मला समजावू नकोस. तो एक दोरा नव्हे, दहा-बारा लाख तंतूंची जुडी आहे. रंग ओळखणारे तंतू नाजूक. विषारी औषधाचा पहिला फटका त्यांना बसतो, आणि त्यांतही लाल रंग आधी विटतो. माणूस अक्षरं वाचत असतो, सुईत दोरा ओवत असतो, आणि लाल मात्र निसटत असतो.

आता तुझ्या वहिनीचं ऐक. आम्ही तुला सांगितलं नव्हतं.

ऑक्टोबरात तिने शेजारच्या मास्तरणीच्या मुलीचा शाळेचा झगा शिवून दिला. लाल झगा. मास्तरीण दारातच म्हणाली, "काकू, बटणं तपकिरी दोऱ्याने लावलीत, फॅशन आहे का?" ही म्हणाली, "हो, हल्ली असंच लावतात." दार लागल्यावर खुर्चीत बसली ती उठेना. चाळीस वर्षं शिवणकाम केलेली बाई, अंधारात चाचपून दोऱ्याचं रीळ काढायची.

मी औषधाच्या बाटलीचं लाल झाकण घेतलं. एक डोळा झाकून दाखवलं, मग दुसरा. उजव्याने म्हणाली, "लाल, पण जरा जुनं." डाव्याने म्हणाली, "विटेसारखं. नाही, चहासारखं." त्याच क्षणी मला कळलं. अटेंडंटला कळलं, प्राध्यापकांना कळलं नाही?

तुला तिथे बसवलं कशाला होतं? औषध सशांना दिलं तेव्हा त्यांच्या नसा फिक्या पडल्या होत्या. म्हणून त्वचा विभागाच्या मोठ्या बाईंनी अट घातली की नसेचा जाणकार दरमहा प्रत्येक रुग्णाचे डोळे तपासेल, आणि शंका आली तरी औषध थांबेल. तो जाणकार तू. आजाऱ्यांच्या कातडीची काळजी बाईंनी घ्यायची, डोळ्यांचा पहारा तू करायचा. आता कुंपणानेच शेत खाल्लं तर फिर्याद कोणाकडे न्यायची?

बरं, ठिपक्यांच्या पुस्तकात काही कळलं नाही असं धरू. रंगीत ठिपक्यांत लपलेले आकडे वाचायचे, ते तिने वाचले, तू लिहून घेतलेस. पण डोळ्यात दिवा धरून तू नसेचं तोंड बघतोस ना? निरोगी असलं की ते गुलाबीसर असतं आणि मरायला लागलं की मेणासारखं होतं. हे मला पुस्तकांतून कळलं, तुला तर रोज दिसतं. डिसेंबरात तू तिच्या डाव्या डोळ्यात पाच मिनिटं बघत होतास. मी घड्याळ लावलं होतं. उजव्यात अर्धं मिनिट. मग कागदावर लिहिलंस, "प्राकृत." म्हणजे सगळं ठीक.

आणि जानेवारी. खोली क्रमांक सात, दाराजवळचं स्टूल, माझ्या मांडीवर तिची पिशवी. त्या दिवशी पुस्तकाची दोन पानं एकमेकांना चिकटली होती आणि तू दोन्ही एकदम उलटलीस. हिने समोर नसलेल्या पानाचा आकडा सांगितला. पुढच्या पानाला त्याच्या मागच्या पानाचा. त्याच्या पुढच्याला पुन्हा मागचाच. शेवटपर्यंत अकरा पानं ती एक घर मागे चालत राहिली. अकराच्या अकरा उत्तरं चूक, आणि अकराच्या अकरा बरोबर, नुसती घरं चुकलेली. तू मान वर केलीस. हिच्याकडे नाही, माझ्याकडे पाहिलंस. मग खाली वाकून अकरा वेळा "बरोबर" लिहिलंस.

असं कसं झालं, हे तू तिला तिथल्या तिथे विचारायला हवं होतंस. विचारलं नाहीस.

पंचवीस तारखेपासून हेच औषध आणखी चाळीस जणांना सुरू होणार, असं अहवालाच्या शेवटी छापलंय. चाळीस जण, टिल्लू. तुझ्या एका सहीच्या भरवशावर. ते अकरावं पान मागे घे. बाईंकडे जा आणि सांग की रुग्ण क्रमांक चारची नस खराब होते आहे. फॉर्मवर मी सही करणार नाही. वहिनीला यातलं काही बोललो नाही. तिला त्या चाळिसांचंही माहीत नाही. तिच्यापर्यंत जायच्या आत तू आपलं निस्तर.

जेवण वेळेवर घेत जा.

दादा

*

दि. १४ मार्च, शनिवार

टिल्लूस,

तुझं उत्तर गेल्या शनिवारी मिळालं. साडेतीन ओळी. प्राध्यापकांना वेळ नसतो.

"दादा, ठिपक्यांच्या पुस्तकातले आकडे वहिनीला ओळीने कोणी पाठ करून दिले, हे मला विचारायला लावू नकोस. तुझ्या ट्रंकेत तसलं एक पुस्तक आहे, हे मी विसरलेलो नाही. मी जे केलं ते तिच्यासाठी केलं. सही करून फॉर्म पाठव."

नेम चांगला आहे तुझा. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दाखवायला मी मागच्या पत्रात चार पानं खर्ची घातली, आणि स्वतःच्या मुसळावर बूड टेकून बसलो होतो. तर आता उठतो.

हो, मीच दिले पाठ करून. डोळ्यांच्या विभागाने भिजलेलं म्हणून टाकून दिलेलं ते पुस्तक मी वीस वर्षांपूर्वी घरी आणलं होतं. चोवीस पानं, तुझ्या पुस्तकात आहेत त्याच क्रमाने. ऑक्टोबरातल्या त्या झाकणानंतर मी तिला म्हटलं, "उद्या टिल्लूला सांगू. औषध थांबवेल."

ती म्हणाली, "आणि मग?"

"मग दुसरं काहीतरी बघतील."

"दुसरं काय बघायचं राहिलंय? गोळ्या झाल्या, सुया झाल्या. तोंड भोपळ्याएवढं सुजलं, हाडं ठिसूळ झाली. तुम्हाला नस दिसते. मला चादर दिसते."

चादरीचं तुला काय ठाऊक! तू फुलं घेऊन यायचास आणि खोलीच्या दारात उभा राहायचास, वास सहन व्हायचा नाही म्हणून. पंचवीस महिने ती जळल्यासारखी पडून होती. सुरुवात तोंडातल्या फोडांनी झाली, तेव्हा दातांच्या डॉक्टरने कवळीला दोष दिला होता. मग पाठ, मग काखा, मग मांड्या. कूस बदलली की कातडी जागच्या जागी राहायची आणि बाई सरकायची. शिवणाऱ्या बाईच्या बोटांत कात्रीची कडी जात नव्हती. एकदा मला म्हणाली, "तुमच्या हॉलमधल्या लोकांचं बरं होतं हो, त्यांना काही लागत नव्हतं." आणि हसली, आणि हसल्याने ओठ फाटला.

तुझ्या औषधाने सहा आठवड्यांत ती उठून बसली. मशीनवर बसली. पहिल्या दिवशी काही शिवलं नाही, नुसती पाय हलवत रिकामं मशीन चालवत होती. तो आवाज ऐकून मी ओट्याला टेकून रडलो. आता त्याच बाईला मी सांगणार होतो की बंद कर?

तिने पुस्तक मागितलं. मी नाही म्हटलं नाही. दुपारी जेवणं झाली की आम्ही बसायचो. मी पान उलटायचो, ती आकडा म्हणायची, पोरं पाढे म्हणतात तशी. ठिपके तिला दिसतच नव्हते, पण आठ दिवसांत चोवीस पानं घडाघडा. चुकली की स्वतःच्याच डोक्यात टपली मारायची. एकदा म्हणाली, "शाळेत असते तर पहिली आले असते." आम्ही दोघं हसलो, टिल्लू. तुझ्या डोळ्यांत धूळ फेकण्याच्या तालमीत हसलो. हे सगळ्यांत वाईट.

आणि तरी मागच्या पत्रात मी तुझ्यावर डाफरलो, त्याचं कारण नीट सांगतो. मी चोरी केली ती तुझ्या पहाऱ्याच्या भरवशावर. मनात म्हणत होतो, टिल्लू हुशार आहे, पाठांतराला तो फसायचा नाही. नसेचं तोंड बघेल, दुसऱ्या चार तपासण्या करेल, आणि आम्हा दोघांचे कान धरेल. मग औषध त्याने बंद केलं, मी नाही, असं मला तिला सांगता येईल. बायकोसमोर मला वाईट व्हायचं नव्हतं. ते काम मी तुझ्यावर ढकललं होतं. जानेवारीत तू मान वर करून माझ्याकडे पाहिलंस तेव्हा मला इतकं हायसं वाटलं! वाटलं, आता ओरडेल. तू लिहिलंस, "बरोबर."

त्या दिवसापासून तुझा मला जो राग आलाय तो याचा आहे. तू माझ्यासारखाच निघालास याचा.

पण माझी चोरी घरात होती. तुझी छापून आली.

आता या आठवड्यात काय झालं ते ऐक. तुझ्या कानावर आलं असेलच, पण कुणाच्या तोंडून काय आलं असेल देव जाणे.

तुझं पत्र तिने वाचून दाखवायला सांगितलं. अक्षरं आता मधोमध पुसट होतात तिला. मी आपलं बनवून वाचलं, "टिल्लू बरा आहे, कामात आहे." ती म्हणाली, "अहो, एवढं वाचायला एवढा वेळ लागतो? काहीतरी गाळताय. संसारात अडतीस वर्षं तुमचा आवाज ऐकतेय मी, डोळे लागत नाहीत त्याला."

मग खरं वाचलं. मग मागच्या पत्रात मी काय लिहिलं होतं तेही सांगावं लागलं. तिने आधी विचारलं, "हे चाळीस कोण?"

सांगितलं.

"त्यांना माहीत आहे, माझ्या डोळ्यांचं?"

"कुठून माहीत असणार? अहवालात आहे, डोळे ठीक."

तिने मशीनवरचं कापड घडी केलं. मग म्हणाली, "माझे डोळे मी पणाला लावले. चादरीत पडले होते, मला परवडलं. त्यांचे कुणी लावले? मी? पाढे म्हणून?" मी पत्र पाकिटात घातलं. ती म्हणाली, "मंगळवारी बाईंची ओपीडी असते. माझी निळी साडी काढा. म्हणजे मी निळी म्हणतेय, तुम्ही बघून काढा."

मंगळवारी गेलो. त्वचा विभागाबाहेरच्या बाकावर आमच्या शेजारी एक घड्याळवाला बसला होता, पन्नाशीचा. ओठांवर फोड, हातांना सैल पट्ट्या. नव्या चाळिसांतला. ही क्रमांक चार, हे कळल्यावर त्याने हिचे हात आपल्या पट्टीवर घेतले, उलटसुलट करून पाहिले, जिथे जखमा होत्या तिथे बोट फिरवलं. म्हणाला, "ताई, दीड वर्ष चिमटा धरला नाही मी. या पंचवीस तारखेवर जगतोय." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. घड्याळवाल्याचे डोळे, टिल्लू. मी जमिनीकडे बघत बसलो.

आत बाईंना तुझ्या वहिनीने सगळं स्वतः सांगितलं. मी मधे बोलायला गेलो तर म्हणाली, "तुम्ही थांबा, पेशंट मी आहे." झगा, दोरा, झाकण, पाढे. बाईंनी पेन खाली ठेवलं. त्या आरडाओरडा करतील म्हणून मी तयारीत होतो. त्या फक्त म्हणाल्या, "आजी, तुम्हाला माहीत आहे का, तुमच्या आकड्यांवर मी डोस ठरवला?" त्याच्यापुढे आरडाओरडा परवडला असता.

मग त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "आणि तपासणाऱ्या डॉक्टरांच्या लक्षात काहीच आलं नाही? इतके महिने?"

नातं त्यांना अजून माहीत नव्हतं. कागदावर लिहू नका, उगाच प्रश्न निघतात, हे तूच सांगितलं होतंस. मी म्हटलं, "बाई, तो माझा सख्खा धाकटा भाऊ आहे. आम्ही काय केलं ते आम्ही सांगितलं. त्याच्या लक्षात काय आलं ते त्याला विचारा. तो हयात आहे, आणि हुशार आहे."

त्या खुर्चीच्या पाठीला टेकल्या. मग फोन उचलला. हिचं औषध त्याच दिवशी बंद झालं, जुन्या गोळ्या सुरू. बाकीच्या आठ जणांचे डोळे बाहेरचा तज्ज्ञ नव्याने तपासणार. पंचवीस तारीख रद्द. औषध कायमचं गेलं असं नाही, कमी डोसवर पुन्हा पाहू, असं त्या म्हणाल्या. पण केव्हा, ते सांगता येत नाही.

बाहेर आलो तर घड्याळवाल्याला कळलेलं होतं. नर्सने सांगितलं असणार. तो उभा होता, रस्ता अडवून.

"तुम्ही बऱ्या झालात," तो म्हणाला, "आणि जाता जाता आमचं दार लावून घेतलंत."

मी म्हटलं, "अहो, डोळे जातात त्याने."

"तुम्हाला कोणी विचारलं? मला विचारलंत? जाऊ देत होतो मी एक डोळा! एका डोळ्यावरच भिंग लावतो मी!"

"मग दुसराही जातो," ही म्हणाली.

"तुम्हाला काय, तुम्ही सहा महिने सुखाने झोपलात!"

खरं होतं. ही त्याच्यासमोर तशीच उभी राहिली. म्हणाली, "शिव्या द्या, भाऊ. मी इथेच आहे." त्याने दिल्या. मोजक्या, पण वर्मी लागतील अशा. पट्टीतला हात हलवून दिल्या, त्याचा हात दुखत होता हे दिसत होतं. आम्ही ऐकून घेतल्या आणि जिना उतरलो. त्यातल्या अर्ध्या शिव्या तुझ्या वाट्याच्या होत्या. तू नव्हतास, म्हणून तुझ्याही मीच घेतल्या.

सोमवारी साडेदहाला बाईंनी तुला बोलावलंय. दोन माणसं बाहेरची असतील. चिकटलेल्या पानांबद्दल मी त्यांना एक अक्षर बोललो नाही. हे उपकार समजू नकोस, आणि झाकली मूठ ठेवायची म्हणूनही नाही. मी सांगितलं तर ती चुगली होईल, तू सांगितलंस तर कबुली होईल. तेवढी जागा तुझ्यासाठी ठेवली आहे. "पेशंटने फसवलं" म्हणून मोकळा व्हायचा मोह होईल तुला. होईलच. सगळा दोष एका म्हाताऱ्या अटेंडंटवर आणि त्याच्या शिवणकामवाल्या बायकोवर टाकला तर कोणीही विश्वास ठेवेल. आम्ही कुठे बोलायला येणार नाही. तुझी खुर्ची राहील, बरणीवरचं नावही राहील. फक्त पुढच्या वेळी दुसरा कोणी चिकटलेली पानं उलटेल, तेव्हा तो तुझाच कित्ता गिरवेल.

तुझ्या वहिनीचा निरोप, तिच्याच शब्दांत, मी काही घालत नाही: "टिल्लूला लिहा, माझ्यासाठी केलं असं म्हणू नकोस. माझ्यासाठी जे करायचं ते मी केलं. तू कुणासाठी केलंस ते सोमवारच्या आत शोध." मी म्हटलं, जरा कडक होतंय. ती म्हणाली, "कडकच होऊ दे. मऊ बोलून बोलूनच तो असा झाला."

फॉर्म सोबत परत पाठवतोय, कोराच.

काल संध्याकाळी तिच्या जिभेखाली फोड आला. आज सकाळी पाठीवर तीन. औषध बंद होऊन चारच दिवस. बाई म्हणाल्या होत्या, येतील. मी मलमलीचे जुने तुकडे शोधून काढलेत, मिठाचं पाणी उकळून ठेवलंय. तिने मशीनवर कापड टाकलं आणि खिडकी उघडी ठेवायला सांगितली.

सोमवारी खोटं बोललास तर या घराकडे फिरकू नकोस. खरं बोललास तरी लगेच येऊ नकोस. तुझं तोंड बघायला मला थोडे दिवस लागतील. चौथ्या-पाचव्या दिवशी ये. फुलं आणू नकोस. पाठीला चिकटलेली पट्टी सोडवायला दोन माणसं लागतात. एकाने कोमट पाणी सोडत राहायचं, दुसऱ्याने कापड तंतू तंतू उचलायचं. आजवर दोन्ही मी एकट्याने केलं, आणि तिला त्याचा त्रास झाला.

दादा